मास्तरांना शाल नको, तिकीट द्या

निवृत्तीच्या दिवशी शाळेत समारंभ होतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, चार भाषणे आणि एक ग्रुप फोटो. संध्याकाळी मास्तर किंवा बाई घरी येतात. शाल कपाटात जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची नेमणूक नातवंडांना शाळेच्या रिक्षापर्यंत सोडण्यावर होते. तीस-पस्तीस वर्षे ज्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून मुलांना बिदर, विजापूर, दौलताबाद दाखवले, त्यांतल्या किती जणांनी ही गावे स्वतः पाहिली आहेत?

आम्ही निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहोत. कोणी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत होते, कोणी मराठी शाळेत, कोणी अनुदानित हायस्कूलमध्ये. हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला तेव्हा बहुतेकांचे उत्तर सारखेच होते. लग्न, मयत, बदली आणि निवडणुकीची ड्यूटी, एवढाच आमचा प्रवास. इतिहास शिकवला, पण पाहिला नाही. भूगोल तोंडपाठ, पण जिल्ह्याची हद्द क्वचितच ओलांडलेली. त्यानंतर आम्ही थोडे थोडे फिरू लागलो. कमी पैशांत, आपली नमाज, आपला आहार आणि आपले गुडघे सांभाळून कसे फिरता येते, ते इथे सांगत आहोत. घरात कोणी निवृत्त शिक्षक असेल तर हा लेख त्यांच्या हाती द्या. त्याआधी मुला-सुनांनी स्वतः वाचला तर फारच उत्तम.

आधी हज, मग बाकी

हा मुद्दा सर्वांत आधी येतो आणि यायलाच हवा. निवृत्तीची रक्कम हातात येते तेव्हा हज हा पहिला विचार असतो. ज्याच्यावर हज फर्ज झाला आहे त्याने ती रक्कम वेगळी काढून ठेवावी, तिला हात लावू नये. आम्ही ज्या सफरीबद्दल बोलतो आहोत ती मासिक पेन्शनीतून वाचवलेल्या थोड्या पैशांची आहे.

उलट अशा छोट्या सफरी हजच्या तयारीला उपयोगी पडतात, असा आमचा अनुभव आहे. सफा आणि मरवा यांच्यामधल्या सात फेऱ्याच सुमारे तीन किलोमीटरच्या होतात. त्याशिवाय तवाफ, मिनाचा मुक्काम, गर्दी, अनोळखी लोकांबरोबर एका खोलीत राहणे, वेळेवर औषध घेणे. जो माणूस साठ वर्षे घराबाहेर राहिलेला नाही, त्याला हे सगळे एकदम अंगावर येते. दोन-तीन दिवसांची सफर केली की आपण किती चालू शकतो, काय खाल्ले की त्रास होतो, सामान किती उचलवते, हे आधीच कळते.

कुरआनात जमिनीवर फिरा आणि पाहा, ही ताकीद एकापेक्षा अधिक ठिकाणी आली आहे. तंजाचा इब्ने बतूता १३२५ साली हजसाठी म्हणून घरातून निघाला आणि फिरत फिरत आपल्या दौलताबादपर्यंत आला. हज आणि जग पाहणे या दोन गोष्टी आपल्या परंपरेत एकमेकींच्या आड कधी आल्या नाहीत.

एसटी: आपला पहिला आधार

महाराष्ट्रात स्वस्त प्रवास म्हणजे एसटी. सवलती बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतात, पण नेमक्या माहीत नसतात.

वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेत एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ या वयात निम्मे भाडे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना, वय कितीही असो, निम्मे भाडे. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड किंवा तसेच ओळखपत्र सोबत हवे. मोफत प्रवासातही कंडक्टर शून्य रकमेचे तिकीट देतो, ते घेऊन जपून ठेवावे. आगाऊ आरक्षण केले तर आरक्षणाचा आकार मात्र भरावा लागतो. या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच आहेत. बस कर्नाटकात किंवा तेलंगणात जाणारी असेल तर हद्दीपलीकडचे भाडे पूर्ण पडते.

आता हिशेब पाहा. आमच्याकडे प्राथमिक शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे मास्तरांना ६५ पर्यंत सात वर्षे एसटीत पूर्ण भाडे आहे, बाईंना मात्र आजच निम्मे आहे. मास्तर ६६ आणि बाई ६० अशी जोडी असेल तर दोघे मिळून एका तिकिटात जातात. मास्तर ७५ चे झाले की अर्ध्या तिकिटात दोघे.

जे अजून ६५ चे झाले नाहीत त्यांच्यासाठी एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास आहे. तो चार किंवा सात दिवसांचा मिळतो. ठरावीक रक्कम भरली की तेवढे दिवस हवे तिथे चढा, हवे तिथे उतरा. एका जागी मुक्काम करून आजूबाजूची गावे पाहायची असतील तर तो परवडतोच असे नाही; लांब लांब टप्पे असतील तर नक्की परवडतो. आगारात आजचा दर विचारावा, आपल्या मार्गाची भाडी कागदावर मांडावी आणि मग ठरवावे. बेरीज-वजाबाकी आपल्याला कोणी शिकवायला नको.

रेल्वे: सवलत गेली, सोय राहिली

रेल्वेत ज्येष्ठांना पूर्वी भाड्यात सूट होती. ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के, ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के. मार्च २०२० मध्ये ती थांबवली, आणि हा लेख लिहीपर्यंत ती परत सुरू झालेली नाही. म्हणून अनेकांनी रेल्वेचा नादच सोडला. पण तीन सोयी आजही आहेत.

पहिली सोय खालच्या बर्थची. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी स्लीपर आणि एसी डब्यांत काही लोअर बर्थ राखीव असतात. यात एक मेख आहे. हा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हा लागू होतो, आणि दोघेही त्या वयात बसणारे हवेत. सहा जणांचा गट एकाच तिकिटावर काढला की कोटा गेला. म्हणून गट कितीही मोठा असला तरी दोघा-दोघांची तिकिटे काढावीत. नातवाला सोबत नेत असाल तर त्याचे तिकीट वेगळे काढावे.

दुसरी सोय मध्ये उतरण्याची. पाचशे किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर वाटेत एकदा, आणि हजार किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर दोनदा उतरून प्रत्येक वेळी दोन दिवस मुक्काम करता येतो. पहिला मुक्काम पाचशे किलोमीटर झाल्यानंतरच हवा. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना हे लागू नाही. पुढच्या टप्प्याचे आरक्षण हवे असेल तर तिकीट काढतानाच खिडकीवर तसे सांगावे, आणि उतरल्यावर स्टेशनमास्तरांकडून तिकिटावर नोंद करून घ्यावी.

तिसरी सोय फार कमी लोकांना माहीत आहे: चक्राकार प्रवासाचे तिकीट. ज्या स्टेशनापासून निघालो तिथेच परत यायचे आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचे. रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे किलोमीटरमागे कमी होत जाते. तुकड्या-तुकड्यांची तिकिटे काढली तर प्रत्येक तुकड्याला सुरुवातीचा महाग दर बसतो. एकच लांब तिकीट काढले तर स्वस्त दराचा फायदा मिळतो. मुंबईहून वडोदरा-कोटामार्गे दिल्ली, तिथून अलीगढ, लखनौ आणि कानपूर-भोपाळमार्गे परत, असा मार्ग यात बसतो. हे तिकीट मोबाईलवर मिळत नाही. मार्ग लिहून मोठ्या स्टेशनावरील वाणिज्य विभागाकडे अर्ज करावा लागतो. खिडकीवरच्या माणसालाही कधी कधी याची माहिती नसते. अशा वेळी न रागावता वरिष्ठांना भेटावे.

आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होते, म्हणून तारीख लवकर ठरवावी. बरीच मोठी स्टेशने मुक्कामासाठी रिटायरिंग रूम देतात. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटावर ती खोली घेता येते. पहाटे अनोळखी गावात उतरणाऱ्या वयस्क माणसाला तिच्यासारखा निवारा नाही.

शाळेच्या घंटेतून सुटका

आयुष्यभर आपण मे महिन्यात आणि दिवाळीत फिरलो, कारण सुट्टीच तेव्हा होती. नेमक्या त्याच वेळी गाड्या भरलेल्या, खोल्या महाग आणि ऊन किंवा गर्दी जास्त. निवृत्तीने दिलेली खरी सवलत ही आहे की आता आपण मंगळवारी निघू शकतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये मराठवाडा हिरवा असतो, जानेवारी-फेब्रुवारीत हवा सुखाची असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी लॉजवाला दर कमी करतो, फक्त विचारायची लाज बाळगू नये.

एक काळजी घ्यावी. नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो देऊनच बाहेर पडावे, नाहीतर डिजिटल पद्धतीने देण्याची सोय करून ठेवावी.

कुठे जावे?

शिक्षकांनी शिक्षकांसारखे फिरावे, असे आम्हाला वाटते. जिथे ज्ञानाचा काही माग आहे तिथे आधी जावे.

सुरुवात पुण्यातून करता येते. गंज पेठेतला फुले वाडा शांत आहे, जवळ आहे. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. आपल्या मुली आज ज्या शाळेत जातात त्या शाळेची सुरुवात कोणी आणि किती शिव्याशाप सोसून केली, ते आठवण्याची ती जागा आहे.

तिथून औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० साली खडकी वसवली, ती या शहराची सुरुवात. त्याने शहराला जमिनीखालून नहरीने पाणी दिले. त्याची कबर खुलताबादला आहे. शहरातली पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. नहरीच्या पाण्यावर फिरणारी ही चक्की खानकाहमध्ये येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी धान्य दळायची. दौलताबादचा किल्ला वरपर्यंत चढलाच पाहिजे असे नाही. चाँदमिनार खालीच आहे. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी, तेवढे पाहून दिवस ठरवावा.

सोलापूरहून विजापूर रेल्वेने जवळ आहे. मुहम्मद आदिलशाहचा गोल घुमट १६५६ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या कुजबुजणाऱ्या सज्जापर्यंत अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली बागेत बसावे, वर गेलेल्यांनी येऊन सांगावे. इब्राहिम रौजा मात्र सर्वांनी पाहावा, तिथे चढण नाही म्हटले तरी चालेल.

आणि बिदर. मुंबईहून लातूरमार्गे बिदरला थेट रेल्वेगाडी आहे. इराणातल्या गिलानहून व्यापारी म्हणून आलेला महमूद गवान बहामनी राज्याचा वजीर झाला आणि त्याने १४७२ च्या सुमारास इथे मदरसा बांधला. तीन मजली इमारत, मधे अंगण, चहूबाजूंनी विद्यार्थी आणि उस्तादांच्या खोल्या, मशीद आणि ग्रंथालय. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधारावर सुलतानाने गवानला ठार मारवले. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज एकच मिनार उभा आहे, त्यावर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून चमकतात. आमच्यातले काही जण तिथे गेले तेव्हा त्या रिकाम्या खोल्यांसमोर बराच वेळ कोणी बोलले नाही. साडेपाचशे वर्षांपूर्वी आपल्यासारखाच कोणी मास्तर इथे पाठ घेत होता, एवढा एकच विचार पुरेसा होता.

लांबची हिंमत असेल तर अलीगढ. सर सय्यदांचे कॉलेज १८७५ ला सुरू झालेल्या मदरशातून वाढले आणि १९२० मध्ये विद्यापीठ झाले. तिथल्या मशिदीच्या आवारात सर सय्यद विसावले आहेत. चक्राकार तिकिटात हे सहज बसते.

सफरीतली इबादत

नमाजीची अडचण म्हणून अनेक वयस्क मंडळी प्रवास टाळतात. दीनने मुसाफिराला जितकी मोकळीक दिली आहे तितकी आपण घेत नाही. साधारण ऐंशी किलोमीटरच्या पुढे सफर असेल तर जुहर, असर आणि इशाची चार रकात फर्ज दोन होते. हनफी मतानुसार एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहण्याची नियत असेल तोवर ही कसर आहे. कोकणातल्या आपल्या शाफई भावांकडे ही मुदत चार दिवसांची धरतात, आणि सफरीत जुहर-असर तसेच मगरिब-इशा एकत्र पढण्याची मुभा आहे. मुकीम इमामाच्या मागे मात्र पूर्ण नमाज पढावी लागते. रमजानमध्ये सफर असेल तर रोजा नंतर पूर्ण करता येतो. बारीकसारीक मसला आपल्या गावच्या आलिमांना निघण्याआधी विचारून घ्यावा. घडीची जानमाज, पाण्याची बाटली आणि किब्ला दाखवणारे मोबाईल अॅप, एवढ्या सामानात काम भागते.

जेवणाचे म्हणाल तर शाकाहारी थाळी सगळीकडे मिळते आणि या वयात पोटाला तीच बरी. सोबत भाकरी, चटणी, चिवडा असेल तर अर्धा खर्च वाचतो.

बाईंचा प्रश्न

निवृत्त मास्तर एकदाचे निघतील. निवृत्त बाई कशा निघणार? त्यांनी नोकरी केली, घर केले, मुले वाढवली आणि आता नातवंडे त्यांच्याकडे आहेत. घर त्यांच्यावाचून चार दिवस चालत नाही, असे सगळे कौतुकाने म्हणतात, आणि त्या कौतुकातच त्या अडकतात.

पती, भाऊ किंवा मुलगा सोबत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मतभेद आहेत, ते आम्हाला माहीत आहेत आणि त्यांचा आदर आहे. प्रत्येकीने आपल्या मसलकीप्रमाणे चालावे. एवढे सांगतो की २०१८ पासून हजसाठीही ४५ वर्षांवरील महिलांना, त्यांच्या मसलकीत परवानगी असेल तर, चार किंवा अधिक जणींच्या गटाने मेहरमशिवाय अर्ज करता येतो. दोन-तीन जोडपी आणि त्यांच्याबरोबर एखाद्याची विधवा बहीण, असा गट केला तर घरच्यांची काळजीही मिटते आणि बहिणीचीही सफर होते. आमच्या गटात अशा बहिणीच सगळ्यांत उत्साही असतात.

पैशांची सोपी व्यवस्था

भिशी आपल्या घराघरांत चालते. व्याज नाही, कागदपत्रे नाहीत, विश्वासावर चालणारा व्यवहार. आम्ही तीच पद्धत सफरीला लावली. दर महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये बाजूला ठेवले तर वर्षाला ६,००० होतात. एसटीची सवलत, दोघांत एक खोली, एक वेळचे घरचे जेवण, एवढ्यात चार-पाच दिवस राज्यात आरामात फिरता येते. विनाअनुदानित शाळेतून किंवा मकतबमधून निवृत्त झालेल्या, पेन्शन नसलेल्या उस्तादांसाठी गटाने थोडे जास्त काढावे आणि ते त्यांना कळूही देऊ नये.

औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी, घरच्या एकाचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात असावा. रेल्वेत काही अडले तर १३९ वर फोन करावा. एका दिवसात एकच मोठे ठिकाण पाहावे आणि दुपारी दोन तास पडून राहावे.

मुलांना आणि माजी विद्यार्थ्यांना

शेवटचे सांगणे तुम्हाला आहे. तुमचे अब्बा किंवा अम्मी ‘आता या वयात कुठे?’ म्हणतील. त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘पैसे तुम्हाला लागतील’ एवढाच असतो. त्यांना विचारत बसू नका. तारीख ठरवा, लोअर बर्थची दोन तिकिटे काढा आणि नातवंडांची चार दिवसांची सोय स्वतः करा.

माजी विद्यार्थी दरवर्षी मेळावे भरवतात, सरांचा सत्कार करतात. त्या सत्काराच्या खर्चातून एका सरांची आणि त्यांच्या घरच्यांची बिदरची सफर होते. मास्तरांच्या कपाटात शाली पुष्कळ आहेत. पुढच्या मेळाव्यात त्यांच्या हातात एक पाकीट द्या, त्यात दोन तिकिटे असू द्या, आणि परत आले की त्यांना पुन्हा एकदा वर्गात उभे करून विचारा, ‘सर, काय पाहिलंत?’ तो तास तुम्हीही विसरणार नाही, इन्शाअल्लाह.